पुढे सरकवलेली घड्याळं

ता. १२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते असं:

१. सणाच्या आदल्या दिवशी बाबांचा उपवास होता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, पाणीसुद्धा नाही.

२. डॉक्टरांनी त्यांना उपवास करू नका असं सांगितलेलं आहे. साखरेच्या नव्या गोळ्या सुरू आहेत. त्या घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली येते. डॉक्टरांसमोर बाबांनी मान हलवली होती. पहाटे मात्र त्यांनी गोळीही घेतली आणि उपवासही धरला.

३. दुपारी मी विचारलं की मीटरवर साखर बघू का. नको म्हणाले. थोडं काही खा असं म्हटल्यावर त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

४. उन्हं कलल्यावर त्यांना घाम फुटला. शर्टाचं बटण एक घर चुकवून लावलं होतं. दूध आलं का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं.

५. ते तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले तेव्हा मी हॉलमधलं, स्वयंपाकघरातलं आणि त्यांच्या पलंगाजवळचं अशी तिन्ही घड्याळं पाऊण तास पुढे केली. हॉलचा पडदा ओढला. त्यांचा मोबाइल चार्ज करण्याच्या निमित्ताने माझ्या खोलीत नेऊन बंद केला.

६. ते बाहेर आले, घड्याळाकडे बघितलं, टेबलाशी बसले. मी सूप ठेवलं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना पुटपुटली आणि सूप प्यायले.

७. तू बोगद्यात उतरण्याआधी शुभेच्छा द्यायला फोन केलास. बाबांचा लागेना म्हणून खालच्या मजल्यावर आत्याला केलास. आत्या फोन कानाशी धरून जिना चढून वर आली. तू तिला सांगत होतास की उपवास सुटायला अजून अवकाश आहे हे माहीत आहे, पण तेव्हा मी जमिनीखाली असेन. समोर रिकामा वाडगा होता.

८. पुढचं तू फोनवर ऐकलंच आहेस. आत्या मला बापाचा उपवास मोडणारी म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. बाबा चमच्याकडे बघत बसले.

९. सणाच्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी परत आले.

सूप प्यायल्यावर त्यांचा घाम थांबला. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. तू झालं ते सगळं विचारलंस, आणि हेही झालं.

आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर वजनकाटे, तापमापकं, दाबमापकं तपासायला येतात. उपकरणात चूक निघाली तर आम्ही ती झाकत नाही. किती चूक आहे ते चिठ्ठीवर लिहून त्यावरच चिकटवतो, म्हणजे वापरणाऱ्याला कळतं. त्या आठवड्यात मी कामावर एका औषध कारखान्याचे तराजू तपासले. सगळे बरोबर होते. मला उगीचच राग आला.

बाबा माझा फोन उचलत नाहीत. तुझा उचलतात, असं आत्याकडून कळलं. ते काय म्हणतात ते कळव. तिकडे थंडी सुरू झाली असेल, छाती सांभाळ. धाकटीवर आहे तेवढी माया राहू दे, वाढवली नाहीस तरी चालेल.

तुझी,
छोटी

*

ता. २१ ऑक्टोबर

चि. काट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कॅम्पच्या गाडीतून सिमेंटच्या पोत्यांबरोबर आलं, त्यामुळे थोडं पांढरं झालं आहे. मजकूर मात्र तुझ्यासारखाच, एक ते नऊ. नऊ झाल्यावर कुठे तू माणसात आलीस. लहानपणी तुझं नाव काटा ठेवलं ते काही चुकलं नाही.

आधी माझी बाजू. मी शुभेच्छा द्यायला गेलो आणि घरात सुरुंग लावून बसलो. रोज सुरुंग लावणाऱ्या माणसाने निदान समोर कोण उभं आहे ते तरी बघायचं! आत्याचा आवाज असा फुटला की माझ्या शेजारी उभा असलेला फोरमन दोन पावलं मागे सरकला आणि आत काही कोसळलं का, असं विचारू लागला. मी म्हटलं, आत नाही, घरी.

आमच्याकडे सण असा होतो. पाळीत आम्ही चौदा जण, त्यात देव मानणारे, न मानणारे आणि पगाराच्या दिवशीच मानणारे. त्या दिवशी मी कामाच्या कपड्यांच्या आत इस्त्रीचा शर्ट घातला होता. वर चिखल, आत कडक कॉलर. कोणाला दिसत नाही, पण मला माहीत असतं. माझा धर्म तेवढाच आहे, आणि खरं सांगू, तो मला पुरतो. आई असती तर तिलाही पुरला असता. बाबांना पुरत नाही, त्याला आपण काय करणार?

आता खरी गोष्ट. रविवारी बाबांशी बोललो. आवाज ठणठणीत, जणू काही झालंच नाही. तुझं नाव काढलं की हवापाण्यावर येतात. शेवटी सहज सांगितल्यासारखं म्हणाले की मोडलेल्या उपवासाची भरपाई हिवाळ्यातल्या सणाआधी करणार आहे. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र, सलग. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलंत का? तर म्हणाले, डॉक्टर माझ्याहून लहान आहे.

ही कल्पना आत्याच्या डोक्यातली असणार, अशी माझी खात्री आहे. तिच्याशी तूच बोल. मी बोललो तर ती मला आधी जेवलास का विचारते आणि मग मला दुसरं काही बोलता येत नाही.

आणि एक सांगतो, रागावू नकोस. तू बाबांची माफी माग. कशासाठी, हे तू मला तीन कलमांत विचारशील. पण माफी मागितली की माणसं फोन उचलतात, एवढा अनुभव आहे.

वेळेवर जेवत जा, आणि या भावाला वाईट-साईट बोललीस तरी त्याला पत्रातून वगळू नकोस.

तुझा,
दादा

*

ता. २८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? पट्टा पाठवला होता तो वापरतेस का, की कपाटात ठेवला आहेस?

पत्र लिहायचं कारण एकच आहे. बाबा हिवाळ्यातल्या सणाआधी एक दिवस आणि एक रात्र उपवास करणार आहेत असं दादाकडून कळलं. त्यांच्या औषधांवर एवढा वेळ उपाशी राहणं धोक्याचं आहे. मागच्या वेळी संध्याकाळपर्यंतच त्यांना घाम आला आणि बोलण्यात गोंधळ झाला. याच्या पुढची पायरी बेशुद्धी असते. ती रात्री झोपेत आली तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळत नाही, आणि बाबांच्या शेजारच्या खोलीत कोणी नाही.

तू मला बोललीस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण माझ्या चुकीची शिक्षा त्यांनी का भोगायची? तुझ्या सांगण्यावरून ते हे करत असतील तर तुझ्याच सांगण्यावरून ते थांबतीलही. तसं तू त्यांना सांगावंस, अशी विनंती आहे.

माझ्यावर राग असला तरी खुशाली कळवत राहा.

तुझी,
छोटी

*

ता. ४ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पट्टा वापरते. खाजतो. तरी वापरते, कारण तू पाठवलास.

तुझं पत्र वाचलं. वकिलाची नोटीस आली असं वाटून मी आधी चष्मा पुसला. म्हणे तुझ्या सांगण्यावरून! अगं, माझ्या सांगण्यावरून तुझ्या बापाने आजवर एक गोष्ट केली असती तर तो आज इस्त्री न करता बाजारात गेला नसता. त्याला भरपाई कर असं मी सांगितलं नाही. मोडला तो मोडला, देव काय दारात काठी घेऊन उभा नाही, असंच मी म्हटलं. हा त्याचा स्वतःचा हट्ट आहे.

आणि नियम म्हणशील तर तो तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. आजाऱ्याला उपवास नाही. बाळंतिणीला नाही, वाटेवर असलेल्याला नाही. माझ्या आईने आम्हाला हेच शिकवलं. पण सूट घ्यायची तर आधी मी आजारी आहे असं म्हणावं लागतं ना! ते तुझा बाप म्हणेल? सर्दी झाली तरी त्याच्या नाकात धूळ गेलेली असते.

मी तुला बोलले. पुन्हा तसं झालं तर पुन्हा बोलेन. देवाला माझी भीती वाटत नसेल, पण घरातल्या माणसांना थोडी असावी. तू न मानणारी आहेस, ते मला माहीत आहे आणि त्याचं मला काही नाही. तुझी आई इतकं मानायची आणि हा माझा भाऊ तिच्या उपवासाच्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊन मिशा पुसत घरी यायचा. ती हसायची. ज्याने त्याने आपलं आपण ठरवावं. पण दुसऱ्याचं आपण ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं. तू त्याचं ठरवलंस.

पण एक गोष्ट मला तेव्हापासून डाचते आहे. तू एवढी शिकलेली आणि तिन्ही घड्याळं फिरवलीस! आमच्या घरात उपवास सोडायला घड्याळ कोण बघतं? बाथरूमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. टाकीवर ऊन आहे तोवर सूर्य आहे, ऊन गेलं की अजून थोडं थांबायचं आणि पाणी प्यायचं. मी खाली तसंच बघते, तुझी आई वर तसंच बघायची आणि तिच्या मागे तुझा बापही. त्या दिवशी तुझ्या दादाचा फोन आला तेव्हा मी तोंडच धूत होते. टाकी पिवळीधमक होती. म्हणूनच तर वाडगा बघून माझं डोकं फिरलं.

आणि माझा भाऊ उपवासाच्या दिवशी मूग गिळून बसला. एरवी माझ्या एका वाक्याला चार वाक्यं सुनावतो. त्याचं काय बिनसलं, ते तूच त्याला विचार. मी वर जाते, चहा पिते आणि खाली येते.

दुधाची सवय मोडू नकोस. म्हातारीचं बोलणं मनाला लावून घे, पण फार दिवस ठेवू नकोस.

तुझी,
आत्या

*

ता. ९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते.

घड्याळं पुढे करणं चूक होतं. त्याबद्दल मी माफी मागते. तुम्ही त्या वेळी काहीतरी खाणं गरजेचं होतं, हे माझं मत मात्र अजून तेच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मी त्या एकत्र करून माफी मागितली तर ती खरी होणार नाही.

आता एक प्रश्न. मी घड्याळं फिरवत होते तेव्हा तुम्ही बाथरूममध्ये होतात. तुम्ही बराच वेळ आत होतात, म्हणून तर मला तिन्ही जमली. हॉलचा पडदा मी ओढला, पण बाथरूमच्या खिडकीला पडदा नाही. त्या खिडकीतून टाकी दिसते आणि त्या वेळी टाकीवर ऊन होतं, असं आत्याच्या पत्रातून कळलं. तिने ते वेगळ्या संदर्भात लिहिलं आहे. तिला अजून काही सुचलेलं नाही.

तुम्ही टाकी बघितली होती का? हो किंवा नाही, एवढंच लिहिलंत तरी चालेल. नाही असेल तर मी पुन्हा विचारणार नाही.

गॅसच्या शेगडीचा डाव्या बाजूचा बर्नर दुरुस्त करून घ्या. तब्येत जपा, आणि माझ्याविषयी जे वाटत असेल ते गप्प राहून कळवू नका.

तुमची,
छोटी

*

ता. १७ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. मग ते फोडलं, कारण तू चालेल म्हटलंस तरी ते चालण्यासारखं नाही.

टाकीवर ऊन होतं. मी ते बघितलं, तोंड पुसलं, बाहेर आलो आणि भिंतीवरच्या घड्याळाने मला सांगितलं की सूर्य मावळला. पडदा ओढलेला. तू वाडगा ठेवलास आणि विसरलेला चमचा आणायला परत गेलीस. तू काही विसरल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. तुझ्या आईच्या वेळीही नाही. मला सगळं कळलं.

तुझ्याकडे बघून मी सूप प्यायलो, असं लिहावंसं वाटतं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मी घाबरलो होतो. बाथरूममध्ये मला नळ बंद करायचा कुठल्या बाजूला, ते आठवेना. बाहेर आलो आणि कोणीतरी माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलेलं होतं. मला फार बरं वाटलं, छोटी. मी प्रार्थना म्हटली ती उपवासाची नाही, मी सुटलो म्हणून म्हटली.

मग ताई वर आली आणि तुला बोलायला लागली. मी तोंड उघडायला हवं होतं. मला माहीत होतं, मी जाणून खाल्लं, एवढं एक वाक्य. ताईसमोर मी अजूनही सात वर्षांचा असतो, हे काही कारण नाही, पण दुसरं सापडत नाही. तू सकाळी बॅग घेऊन निघालीस तेव्हा मी जागा होतो. दार लागल्याचा आवाज ऐकला. फोन उचलला असता तर तू माफी मागितली असतीस आणि मला ती घ्यावी लागली असती. म्हणून उचलला नाही.

आता उपवासाचं. तुम्हा सगळ्यांना वाटतं की मी तुझ्या आईसाठी करतो. पहिल्या वर्षी तिच्यासाठीच केला. लोक हळहळले, मी हळहळू दिलं. पण दुसऱ्या वर्षापासून तो माझा झाला. सकाळी भूक लागते, दुपारी चिडचिड होते आणि चारच्या सुमाराला सगळं शांत होतं. भूक असते, पण ती लांब, शेजाऱ्यांच्या रेडिओसारखी. त्या वेळी कोणीतरी जवळ बसलं आहे असं वाटतं. तो देव आहे का, मला माहीत नाही. मी नाव विचारत नाही. वर्षात तेवढीच एक वेळ मला एकटं वाटत नाही. या वर्षी चार वाजले तेव्हा ते आलं नाही, घाम आला. तो घाम म्हणजेच ते, असं मी स्वतःला सांगत बसलो होतो. म्हणून तुला मीटर लावू दिलं नाही. आकडा कळला असता.

सूट आहे, हे ताई सांगते. सूट घेतली की ती वेळ गेली. कायमची. म्हणून हिवाळ्यात पुन्हा करणार आहे. शिक्षा म्हणून नाही. अर्धवट राहिलं ते पुरं करायला.

ताईला मी सांगेन. आज नाही, पण सांगेन.

तुला एक विचारतो. बापाने विचारावं असं नाही, तरी विचारतो. तू न मानणारी, हे ठीक. पण सणाच्या दिवशी तुला काहीच वाटत नाही का?

बर्नर दुरुस्त केला. सणाला ये असं म्हणायला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. आशीर्वाद मात्र माझ्याकडे शिल्लक आहेत, ते सगळे तुझेच.

तुझा,
बाबा

*

ता. २४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण आत्याला सांगितलं नाहीत तरी चालेल असं लिहायचा मी प्रयत्न करत होते. ते लिहून झालं नाही. मला ते चालणार नाही. तुम्ही त्या दिवशी गप्प बसलात त्याने मला जेवढं लागलं तेवढं आत्याच्या बोलण्याने लागलं नव्हतं. तिचं बोलणं मला पटलंसुद्धा होतं. मी सगळा रस्ता बसमध्ये एवढंच समजून बसले होते की मी तुमचा देव तुमच्यापासून काढून घेतला. तसं नव्हतं, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत्याला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. मी प्रार्थना म्हणत नाही, कारण जे वाक्य खरं आहे की नाही हे मला माहीत नाही ते मला मोठ्याने म्हणता येत नाही. पण काहीच वाटत नाही, असं नाही. गेल्या दोन वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी इथे कामावर होते. सगळ्यांना घरी जायचं असतं म्हणून मी ड्यूटी मागून घेतली, आणि दोन्ही वर्षी दिवसभर काही खाल्लं नाही. कोणाला सांगितलं नाही. देवासाठी नव्हतं, आईसाठीही नव्हतं. तुम्ही तिकडे काय करत असता ते बघायचं होतं. चार वाजता मला फक्त डोकेदुखी झाली. दुसऱ्या वर्षी डोकेदुखी आणि थोडा राग. कोणी जवळ येऊन बसलं नाही.

म्हणून तुमचं पत्र वाचून मला हेवा वाटला. तुम्हाला जे मिळतं ते खरं की शरीराचा खेळ, हे मी विचारणार नाही. मला ते मोजता येत नाही, आणि मला मोजता येत नाही ते नसतंच, असं मी कामावरही कधी म्हणत नाही. फक्त एक. या वर्षी ते आलं नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. आमच्याकडे प्रत्येक उपकरणाला एक मर्यादा असते. कुठपासून कुठपर्यंत ते खरं सांगेल, ते ठरलेलं असतं. त्याच्या पुढे ते वापरलं तर ते मोडतं किंवा त्याहून वाईट, चुकीचं सांगू लागतं. तुमच्या शरीराची मर्यादा आता बदलली आहे. घामाला शांतता समजावं लागलं, हे चुकीचं सांगणंच आहे. याच्या पुढे गेलात तर ते पुन्हा येईल याची खात्री तुम्हाला आहे का? मला नाही. दिवस आणि रात्र उपाशी राहून तुम्ही त्याला शोधायला जाल आणि सापडेल ते बेशुद्धी असेल, अशी मला भीती वाटते. मला तुम्ही हवे आहात. हे वाक्य मात्र मला मोठ्याने म्हणता येतं.

तरीही तुमचं मी ठरवणार नाही. आत्या त्यात बरोबर होती.

मी काय करू शकते ते लिहिते. सणाच्या आधी मी येईन. आधी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. उपवास करणार आहे, असं तुम्ही त्यांना तोंडाने सांगायचं. मान हलवायची नाही. गोळ्यांचं काय करायचं आणि किती वेळ झेपेल ते त्यांना ठरवू दे. ते एक प्रहर म्हणाले तर एक प्रहर, अजिबात नको म्हणाले तर तेही ऐकून घ्यायचं. त्यानंतर काय करायचं, ते तुम्ही ठरवा. तुम्ही बसलात तर मी समोर बसेन. मीटर लावेन आणि जो आकडा येईल तो जसाच्या तसा तुम्हाला वाचून दाखवेन. पडदे उघडे असतील. आकडा वाईट आला तर मी खा म्हणेन, पुन्हा म्हणेन, आत्यासारखी ओरडेनसुद्धा. पण वाडगा तुम्ही उचलायचा.

मीटर नको असेल तर तसं आत्ताच सांगा. तेव्हा मला समोर बसता येणार नाही, कारण न बघता नुसतं बसणं माझ्याने होणार नाही. मग मी सण झाल्यावर येईन आणि रागही धरणार नाही, पण त्या दिवशी घरी नसेन. उपवासाऐवजी चार वाजता नुसतं बसायचं ठरवलंत, पोटात थोडं अन्न असताना, तर त्यालाही मी येईन. ते येतं का, ते दोघं मिळून बघू. मला डोकेदुखी होईल, तुमचं तुम्हाला कळेल.

दादाला सुट्टी मिळत नाही. तो जमिनीखाली इस्त्रीचा शर्ट घालून सण करणार आहे, हे आत्याला सांगू नका.

मी खोटं बोलणार नाही आणि गप्पही बसणार नाही. या दोन अटींसकट मी तुम्हाला सणाला घरी हवी आहे का, ते लिहा. नको असेल तरी तसंच स्पष्ट लिहा, माया कमी झाली असं मी समजणार नाही. रजेचा अर्ज शुक्रवारी, ४ डिसेंबरला द्यायचा आहे. तुमचं उत्तर गुरुवारपर्यंत माझ्या हातात पडावं.

तुमची,
छोटी